अलाइनमेंटचं दुकान: रॅम्पशेजारी उभं राहून काय बघायचं

गणपती उरकून कोकणातून गाड्या परतल्या की अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या, दुकानांपुढे रांगा लागतात. डिकी फुटेस्तोवर सामान, चार-पाच माणसं आणि पावसाळ्यातला मुंबई-गोवा महामार्ग म्हटल्यावर एखादा तरी खड्डा चाकाला दणका देऊन गेलेला असतोच. पण त्या रांगेतल्या सगळ्याच गाड्यांना अलाइनमेंट लागत नाही, आणि ज्यांना लागते त्या सगळ्यांची ती नीट होतेच असंही नाही. दुकानदार तक्रार ऐकून थेट गाडी रॅम्पवर घ्यायला सांगतो की आधी वाकून चाकं बघतो, इथेच निम्मा निकाल लागतो.

त्याआधी आपली तक्रार आपल्यालाच नेमकी सांगता आली पाहिजे. ८० ते १०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं, हा बॅलन्सिंगचा, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा जडपणा सगळीकडे सारखा करण्याचा विषय. अलाइनमेंट करून ती थरथर जाणार नाही. कोकणातून आलेल्या गाडीत तर रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला लाल चिखलच वजनासारखं काम करतो. आधी तो खरवडून, धुऊन काढा. थरथर तेवढ्यानेच गेली तर पैसे वाचले.

गाडी एका बाजूला ओढते, ही दुसरी तक्रार. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे स्टेअरिंग सोडल्यावर गाडी सावकाश डावीकडे सरकणं साहजिक आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर बघा. तिथेही ओढत असेल तर आधी हवा तपासा. एका पुढच्या चाकात २६ आणि दुसऱ्यात ३३ पीएसआय असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला जाणारच. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर जाऊ नका. मग पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून पाहा. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे आणि जगातलं कुठलंही मशीन तो काढू शकत नाही. फक्त टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ही अदलाबदल तेवढ्या चाचणीपुरतीच ठेवा. आणखी एक: पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि हाताची मागची बाजू चारही रिमजवळ न टेकवता नेऊन बघा. पुढचं एकच चाक चटका लागेल इतकं तापलेलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर अडकतोय. तीही ओढच वाटते.

आता टायर. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेला करवतीच्या दातांसारखं लागतं, म्हणजे टो बिघडलाय. टो म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून लांब किती वळलीत ते. फक्त आतली किंवा बाहेरची एकच कड गेली असेल तर कॅम्बर, म्हणजे पुढून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती कललाय ते, शिवाय टोही संशयित. मधला पट्टा गेला तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. टायरवर मध्ये मध्ये खळगे पडले असतील तर शॉकअप बघायला सांगा.

टो थोडाच बिघडला म्हणून काय होतंय, असं वाटतं. हिशोब करून बघू. १४ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांवर मोजलेल्या दोन चाकांमधल्या अंतरात फक्त ३ मिलिमीटरचा जास्तीचा फरक आहे असं धरा. म्हणजे एकूण साधारण अर्धा अंश, प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाव. तेवढ्यानेही प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवं घासत जातं. पुणे-रत्नागिरी जाऊन-येऊन ६०० किलोमीटर धरले तर टायर जवळजवळ अडीच किलोमीटर रस्त्यावर आडवा फरफटला.

या सगळ्यात दुकानदार काय बदलू शकतो, हे माहीत असेल तर फसवणूक बरीच टळते. बहुतेक छोट्या हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन चाकं जोडणारी तुळई) असतो. अशा गाडीत साधारणपणे पुढचा टो एवढंच बदलता येतं, तेही टाय रॉडचे, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे आटे फिरवून. कॅम्बर आणि कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो बाजूने पाहिल्यावर पुढे-मागे किती कललाय ते) मोजता येतात, पण तिथे हलवायला सोय नसते. मागच्या चाकांचंही तेच. इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म असतात आणि खालच्या आर्मला कॅम बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा), त्यामुळे तिथे कॅम्बर आणि कास्टर खरोखर बदलता येतात आणि कामाला वेळही जास्त लागतो. तेव्हा हॅचबॅकच्या बिलात ‘कॅम्बर सेटिंग’ असं वेगळं दिसलं तर नेमकं काय सेट केलं ते विचारा.

उत्तर बहुधा असं येतं की स्ट्रटला शिकंजा लावून, हायड्रॉलिक जॅकने दाब देऊन तो वाकवला. हा प्रकार सर्रास चालतो आणि स्क्रीनवरचा लाल आकडा हिरवा होतोही. पण कॅम्बर आपोआप बिघडत नाही. लोअर आर्म (चाक खालून धरणारा) वाकलेला असतो, त्याच्या सांध्यातला रबरी बुश गेलेला असतो, स्ट्रट किंवा नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) मार बसलेला असतो नाहीतर वरचं माउंटिंग बसलेलं असतं. कारण तसंच ठेवून चांगला स्ट्रट वाकवला तर एका वाकड्या भागाचे दोन होतात, आणि शॉकअपचा रॉड तिरका चालून त्याचं सील लवकर तेल सोडतं. काही गाड्यांत स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट ढिले करून भोकातल्या मोकळीकीपुरता थोडा फरक काढता येतो, ते रास्त आहे. वाकवणाऱ्याला नाही म्हणा.

आता रॅम्प. मशीन थ्रीडी आहे की जुनं सीसीडी, यावर लोक उगाच अडून बसतात. थ्रीडीत चाकांवर परावर्तक पाट्या लावतात आणि समोरचे कॅमेरे त्या बघतात. सीसीडीत चाकांवरच सेन्सर असतात. दोन्हींनी काम चोख होतं आणि दोन्हींनी भिकारही होतं. फरक पडतो तो मोजणीआधीच्या दहा मिनिटांत. चांगला माणूस चारही चाकांची हवा स्टिकरप्रमाणे करतो, डिकीतलं जड सामान काढायला सांगतो आणि गाडी वर घेऊन पुढचं चाक हलवून बघतो. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर खडखड लागली तर टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) किंवा रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर टाय रॉड डावी-उजवीकडे ढकलणारा भाग). १२ आणि ६ ला धरून प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचा बुश टॉमी (लोखंडी पहार) लावून बघायचा असतो, नुसता टॉर्च मारून ‘बुश गेला’ म्हणता येत नाही. प्ले असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगणाऱ्या खुर्चीवर उभं राहून भिंतीवर रेघ मारणं. प्ले सापडल्यावर जो म्हणतो की ‘आधी हा एंड बदलून आणा, मग या, आत्ताचे पैसे नकोत’, त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा.

मग गाडीचं मॉडेल आणि साल मशीनमध्ये बरोबर निवडलंय का ते स्क्रीनवर बघा. यादीतलं जवळचं काहीतरी दाबून पुढे जाणारे असतात, आणि मग हिरव्या-लाल रंगांना काही अर्थ उरत नाही. क्लॅम्प रिमच्या कडेवर नीट बसलेत का बघा, वाकड्या कडेवर बसलेला क्लॅम्प खोटं रीडिंग देतो. थ्रीडीत गाडी थोडी मागे-पुढे ढकलून, सीसीडीत चाक उचलून फिरवून हा वाकडेपणा मशीनला शिकवायचा असतो. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे. पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर हवीत आणि मोजायच्या वेळी त्या थाळ्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. पिन राहिली की चाक मोकळं बसत नाही आणि टो दाबलेलाच दिसतो. जॅकवरून उतरवलेली गाडी उंच, ताठ राहते, म्हणून बॉनेट आणि डिकी दोन-तीनदा दाबून तिला नेहमीच्या उंचीला बसवतात. मोजायच्या आधी आणि नंतर हे घडतंय का, एवढंच बघत राहा. चहा नंतर प्या.

खरी कारागिरी टाय रॉडवर दिसते. आधी स्टेअरिंग सरळ करून स्टँडने अडकवतात. त्यानंतर लॉकनट ढिला करून रॉड फिरवायचा. छोट्या गाड्यांत पाव फेऱ्याला त्या चाकाचा टो साधारण दहा मिनिटांनी हलतो, ही मिनिटं अंशाची, साठ मिनिटांचा एक अंश. म्हणजे काम नाजूक आहे. रॉड फिरताना रॅकचं रबरी बूटही पीळ खातं, म्हणून त्याची क्लिप आधी मोकळी करून नंतर बूट सरळ करावं लागतं. ही क्लिप न काढणारे बरेच. पिळलेलं बूट काही महिन्यांत फाटतं, आत धूळ-पाणी जातं आणि पाचशे रुपयांच्या कामातून रॅकचा काही हजारांचा खर्च उभा राहतो. काम झाल्यावर गाडीखाली वाकून बुटाच्या घड्या सरळ आहेत का ते बघायला लाजू नका.

लॉकनट गंजून बसलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थांबावं लागतं. घाईतला माणूस थांबत नाही. तो त्या बाजूला हातच लावत नाही आणि सगळा टो दुसऱ्या बाजूने भरून काढतो. एकूण टो हिरवा, पण स्टेअरिंग वाकडं. मग ते सरळ दाखवायला स्टेअरिंगच काढून एक-दोन खाचा पुढे बसवतात. असं कधीही करू देऊ नका: ईएसपी (गाडी घसरू लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सरही त्यामुळे गोंधळतो. शेवटची गोष्ट, लॉकनट आवळताना रॉड थोडा फिरतोच, म्हणून रीडिंग आवळल्यानंतरचं बघायचं. आवळायच्या आधीच प्रिंट काढणारा भेटला तर परत मोजायला सांगा.

प्रिंटवर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे हवेत. नुसते नंतरचे हिरवे आकडे कुणालाही दाखवता येतात. शंका आली तर दुकानाभोवती एक चक्कर मारून गाडी परत रॅम्पवर घेऊन मोजायला सांगा. त्याच गाडीचं रीडिंग अंशाच्या पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त बदललं तर मशीन, थाळ्या किंवा क्लॅम्प यातलं काहीतरी ठीक नाही. खात्री असलेला दुकानदार हे कुरकुर न करता करतो.

पैशांचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या शहरांत हॅचबॅकची अलाइनमेंट साधारण ३०० ते ६०० रुपयांत होते, मोठ्या गाडीला जास्त. बॅलन्सिंग चाकामागे वेगळं आणि वजनांचे पैसे ग्रॅमवर, ठिणगी पडते ती तिथे. जुनी वजनं न काढता वर नवी ठोकली की ग्रॅम वाढतात. रिमची रुंदी आणि व्यास मशीनला चुकीचे दिले तरी वाढतात. एका बाजूला ६०-७० ग्रॅम दाखवत असेल तर आधी टायर रिमवर अर्धा फिरवून बसवायला सांगा, बहुतेकदा वजन उतरतं. वजनं लावल्यावर चाक परत फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलंच पाहिजे. नायट्रोजन, टायर पॉलिश, आणि तपासणी न करताच ‘दर ५,००० किलोमीटरला अलाइनमेंट हवीच’ हे गिऱ्हाईक ओढायचे धंदे. चाकांची जागा बदलणं तेवढ्या अंतराला योग्य, अलाइनमेंट मोजून बघावी आणि ठीक असेल तर हात लावू नये.

दुकान शोधायचं तर जाहिरातीवर जाऊ नका. ज्या छोट्या गॅरेजकडे स्वतःचं मशीन नाही तो मेकॅनिक सस्पेन्शनचं काम झाल्यावर गिऱ्हाइकाची गाडी कुठे पाठवतो ते विचारा. अलाइनमेंट चुकली तर गिऱ्हाईक बोंब त्याच्याच नावाने मारणार असतं, म्हणून तो बघून पाठवतो. स्टँडवरच्या टूरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर दुसरे, त्यांचे टायर त्यांच्या पोटावर येतात. शनिवार-रविवारची दुपार टाळा, मंगळवारी-बुधवारी सकाळी लवकर जा. रांग नसली की मोजणीआधीची ती दहा मिनिटं मिळतात.

प्रिंट गाडीतच ठेवा. पुढच्या वेळचे ‘आधीचे’ आकडे या वेळच्या ‘नंतरच्या’ आकड्यांशी जुळवून बघा. मध्ये मोठा खड्डा बसला नसताना तीन-चार हजार किलोमीटरमध्येच टो सरकलेला दिसला, तर परत अलाइनमेंटला पैसे घालण्याआधी गाडी वर घेऊन बुश, एंड आणि रॅक हलवून बघायला सांगा.