तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाची भीती नाही वाटत?

"तुमाले बर्फात काय करायचं हाय जी? घसरून पडसान त?" गंगोत्रीहून गोमुखला, म्हणजे जिथं हिमनदीतून भागीरथी निघते तिथवर, पायी जाऊन आलो तेव्हापासून पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्रासमोरच्या रांगेत हा प्रश्न ठरलेला आहे. आम्ही हिंगणघाटकडचे, पऱ्हाटीतले लोक, तेव्हा तो पडणं साहजिकच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. भीती वाटते, पण बर्फाची सगळ्यात शेवटी. जे बिघडायचं ते बहुतेक हिमनदीच्या कितीतरी अलीकडेच बिघडतं.

कास्तकाराला मे महिनाच मोकळा. नांगरणी-वखरणी आटोपलेली असते आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागायच्या आत घरी यावंच लागतं. त्यामुळे रिकामे दिवस हातात ठेवायला जीव होत नाही. तरी ठेवावेत, असं मी आता हट्टानं सांगतो. आमची सेवाग्रामहून निघालेली गाडी दिल्लीला इतकी उशिरा पोचली की पुढची बस हुकली. दुसरी मिळाली, तर उत्तरकाशीच्या पुढे अवकाळी पावसानं दरड आलेली. गाड्यांची रांग लागली, लोक रस्त्यावर चादरी टाकून बसले.

गोमुखची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथं दिवसाला १५० जणांनाच सोडतात आणि परवान्यावर तारीख असते. आमची तारीख दरडीतच निघून गेली. नवा परवाना मिळेपर्यंत गंगोत्रीत थांबणं आलं. मावसभाऊ सोबत होता, तो चिडला. पैसे चालले, दिवस चालला, घरून फोन येताहेत.

पण त्याच थांबण्यानं आमचं भलं केलं. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि मुक्कामाचं भोजबासा ३,८०० मीटरच्या आसपास. आपण सपाटीवरचे लोक. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. शरीराला सवयीला वेळ लागतो आणि धट्टाकट्टा माणूसही त्याला अपवाद नाही. गाडीतून उतरून दुसऱ्याच दिवशी चढायला निघालेली तरणी पोरं भोजबाशाला डोकं धरून बसलेली आम्ही पाहिली, एकाला उलट्या होत होत्या. त्यावर खात्रीचा इलाज एकच, खाली उतरणं. तो पोरगा उतरायला तयार नव्हता, कारण सोबतचे हसतील. त्याला समजावण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली असं मला मनापासून वाटतं.

खरा घोळ बुटाचा झाला. चीरबासा हे गंगोत्रीपासून ९ किलोमीटरवर. त्याच्या थोडं अलीकडे मावसभावाच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. बूट महागाचे, पण बरीच वर्षं खोक्यात पडून होते. अशा बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं, ते न वापरताही दमट हवेनं आतून भुसभुशीत होतं. हातात घेतलं तर खवल्यासारखे तुकडे पडत होते. माझ्या पिशवीत तुरीच्या बोऱ्या शिवायची सुतळी होती. चवड्यावर दोन वेढे, टाचेमागून एक, वर नाडीत गाठ. गोट्यांवर घासून सुतळी तुटायची, की बसून पुन्हा बांधायची. वरच्या बाजूनं दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी उतरून नाले फुगायला लागले होते. सकाळी जो नाला उडी मारून ओलांडता येतो, त्यातच दुपारी पाय टिकत नाही. म्हणून भोजबाशाला उजेडात पोचलो याचंच समाधान होतं.

दुसऱ्या सकाळी मावसभाऊ थांबला आणि मी गोमुखाकडे गेलो. गंगोत्रीपासून एकूण १८ किलोमीटर. डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र चादर असेल असं वाटत होतं, आणि समोर पसरली होती गिट्टीची खदान. दगड, वाळू, माती, आणि मधेच चिरलेल्या कडेतून दिसणारा निळसर काळा बर्फ. त्याच्या पोटातून भागीरथी गढूळ, घोंघावत बाहेर पडते. मुखाच्या अगदी जवळ जायचं नाही, कड्याचे तुकडे केव्हाही कोसळतात. मी लांबच थांबलो. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी या मुखाचा नकाशा केला होता. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. ज्या कोरड्या गोट्यांवरून मी चालत आलो, तिथं माझ्या आजोबांच्या तरुणपणी बर्फ होता. हे कळल्यावर पोटात कालवलं. आपल्याकडे विहिरीचं पाणी खाली गेलं की तेच होतं.

तेव्हा घसरण्याचं सोडा, ते सांभाळता येतं. पुढच्या मे महिन्यात गावातले दोघं सोबत येताहेत. त्यांना मी बूट आत्ताच घ्यायला लावलेत आणि रोज शेताच्या धुऱ्यावरून ते घालूनच फिरायला सांगितलंय. तिकिटं काढतानाच दोन दिवस रिकामे ठेवलेत. एकाच्या बायकोनं विचारलं, "आन् ते दोन दिवस लागलेच नाई त?" मग गंगोत्रीतच राहू, म्हटलं, आणि मृगाच्या आत परत येऊ.