दोबीकडे टाकलेले कपडे

टांझानियात दार-ए-सलामला राहायला येताना बॅगेत गोडा मसाला होता, कुकरच्या तीन जादा रिंगा होत्या, सासूबाईंनी कोंबलेलं मेतकूट होतं. इथं कपडे कोण धुणार आणि इस्त्री कोण मारणार, हा प्रश्न मात्र आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पुण्यात कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता. गठ्ठ्यातल्या शर्टांच्या संख्येवरून तो विचारायचा, "साहेब टूरवर का?" माणूस इतका हाताशी असला की तो आहे हेच लक्षात राहत नाही.

उपांगा भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आहे. तिच्या असण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणी असतं तेव्हा वीज जाते, आणि वीज असते तेव्हा मीटरमधले युनिट संपतात. इथं विजेचे पैसे आधी भरायचे, मग वीस आकडी नंबर मीटरवर टाइप करायचा. एकोणिसावा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा अर्ध्या धुण्यात सगळंच बंद पडलं, मशीनचं दार लॉक, आणि गोल काचेमागे नवऱ्याची ऑफिसची पँट साबणाच्या पाण्यात दीड दिवस बसून आमच्याकडे बघत होती.

मग एक चकचकीत लाँड्री गाठली. एसी, कॉम्प्युटर, छापील पावती. पहिल्याच गठ्ठ्यात नवऱ्याच्या निळ्या शर्टाऐवजी दुसऱ्या कुणाचा तरी निळा शर्ट आला, ज्यात तो आणि मी दोघंही मावलो असतो. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे पावती दाखवली. पावतीवर काय लिहिलंय? निळा शर्ट, एक. हा काय आहे? निळा शर्ट, एक. यावर काय बोलणार? माझ्या इरकली ओढणीला तर नंबराचा कागद थेट स्टेपल केला होता. मला आजोळच्या परटाची बिब्ब्याची खूण आठवली. कॉलरच्या आत दोन ठिपके आणि एक रेघ. कपडा फाटेल पण खूण जायची नाही, आणि ते कपडे कधी शेजाऱ्यांकडे गेले नाहीत.

शेवटी बिल्डिंगच्या राखणदारानं आमची दशा ओळखली. गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दोबी?"

मी चमकले. इथल्या स्वाहिली भाषेत कपडे धुणाऱ्याला दोबी म्हणतात. आपलाच धोबी, फक्त 'ध' समुद्रात पडलेला. गाडी इथं 'गारी' झाली आहे, विमा 'बिमा' आहे, आणि रिक्षाला सगळं शहर 'बजाजी' म्हणतं, त्यामुळे बजाजच्या आकुर्डीच्या माणसाला उगाच आपलं खातं असल्यासारखं वाटतं. इस्त्री म्हणजे 'पासी', आणि इस्त्री करणं म्हणजे 'पिगा पासी'. पिगा म्हणजे मारणे. आपण इस्त्री मारतो, तेही मारतात. फोनही मारतात, 'पिगा सिमू'. ज्या देशात इस्त्री आणि फोन दोन्ही मारतात, तिथं आपलं निभेल असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दोबी दोन गल्ल्या पलीकडे, कडुनिंबाच्या झाडाखाली. पंचविशीचा मुलगा. एक लाकडी टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, आणि कोळशाची इस्त्री. मी ती लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. झाकण उघडून तो फुंकर घालतो, राख पायांपासून लांब उडवतो, इस्त्रीचा तळ एका जुन्या कांग्याच्या, म्हणजे इथल्या बायका नेसतात त्या रंगीत कापडाच्या, तुकड्यावर दोनदा पुसतो, बोटांनी पाणी शिंपडतो, आणि मग कॉलर. आधी आतून, मग बाहेरून. वीज गेलेली त्याला कळतही नाही. कडुनिंबाला इथं 'म्वारोबाइनी' म्हणतात, त्यात चाळीसचा आकडा आहे. चाळीस रोगांवर चालतो म्हणे. आमचा एक रोग तरी तिथं बरा झाला.

त्यानं माझं स्वागत केलं, "करीबू, दादा!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि भावाला काय म्हणायचं? काका. म्हणजे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलाला मी काका म्हणायचं आणि त्यानं मला दादा. महिनाभरानं माझी मुलगी सोबत आली, तेव्हापासून माझी बढती झाली. इथं आईला मुलाच्या नावानं हाक मारतात, आधी 'मामा', पुढे मुलाचं नाव. दादाची मी मामा झाले.

सुरुवातीचे घोळ बहुतेक माझेच. पहिल्या गठ्ठ्यात मी घरातलं झाडून सगळं टाकलं होतं. कपडे परत आले ते घडीवर घडी, आणि सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेली एक पुडी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर इथं 1 जून 2019 पासून बंदी आहे, त्यामुळे पुडी कागदाचीच. आत आमचे आतले कपडे, जसेच्या तसे, न धुतलेले. तो काहीच बोलला नाही, मान खाली घालून कोळसे हलवत राहिला. घरी येणाऱ्या बाईंनी मग मला बाजूला घेऊन समजावलं, की ते ज्याचे त्यानं धुवायचे असतात, दुसऱ्याला देणं बरं दिसत नाही. मी लाजेनं अर्धी झाले. पण खरं सांगायचं तर, त्या पुडीनंच माझा त्याच्यावर विश्वास बसला. कापड मोजणारे पुष्कळ भेटतात.

दुसरा घोळ वेळेचा. "कपडे कधी?" "केशो, साआ कुमी." केशो म्हणजे उद्या, कुमी म्हणजे दहा, एवढं मी शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर. माझे कपडे बादलीत. मी चिडले, तो गोंधळला. तिसऱ्यांदा असं झाल्यावर उलगडा झाला, की इथं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', एक वाजला. त्याचे दहा म्हणजे माझे दुपारचे चार. तो दर वेळी अगदी वेळेवर होता. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजायचे. पण पत्रिका बघताना आठवतं ते कपडे आणायला जाताना थोडंच आठवतं?

मार्च ते मे 'मासिका'चा मोठा पाऊस. मग मात्र सगळे अंदाज ढगात. दोरीवर काही वाळत नाही, हवाच ओली. "झाले का?" "बादो." बादो म्हणजे 'अजून नाही', नुसतं 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून बादो. लग्न झालंय का, बादो. मुलं आहेत का, बादो. कपडे वाळले का, बादो. शेजारी नारळ विकणाऱ्या बाईच्या कांग्यावर काठाला ओळ छापलेली होती: 'हाराका हाराका हाइना बाराका'. घाईत बरकत नाही. ती बाई माझ्यासाठीच तो कांगा नेसून बसते, असा माझा संशय होता.

मला घाई तरी कशाची? एकदा मी म्हटलं, दमट आहेत तर राहू देत, घरी फॅनखाली वाळवीन. तेव्हा तो पहिल्यांदा मला 'नाही' म्हणाला, बादो नाही. एका माशीची गोष्ट सांगितली. ही माशी बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते; कपडे अंगात चढवले की अळी कातडीत शिरते आणि तिथंच वाढते, वर गळू. उपाय एकच, कडक इस्त्री, दोन्ही बाजूंनी, शिवणींवर आणि इलॅस्टिकवर जास्त. मग टॉवेलला इस्त्री का, मोज्यांना इस्त्री का, असे जे प्रश्न मी त्याला वेडा समजून पोटात ठेवले होते, ते पोटातच जिरले. त्या दिवसापासून आतले कपडे मी स्वतः धुते आणि स्वतःच, वीज असेल तेव्हा, दोन्ही बाजूंनी भाजून काढते.

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे खुर्चीवर नवऱ्याचे सहा शर्ट टांगलेले, कॉलर ताठ.

"कपडे छान दिसतायत गं. कोण करतं?"

"काका देतो करून."

"कुणाचे काका?"

"माझेच. म्हणजे भाऊ. पंचवीस-सव्वीसचा असेल. आधी मला दादा म्हणायचा, आता मामा म्हणतो."

आई थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"पाणी उकळून पितेस ना तिथं?"