गच्चीवरची मॅच

काल गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं, तरी रात्री अकराला फरशी कोमटच. सोलापूरचा मे. फुटबॉलची मॅच साडेबाराला, म्हणून आम्ही पाचजण लवकरच चटई टाकून बसलो आणि बोलणं फिरून फिरून उन्हावर.

"तिकडं पावसात खेळतात बे, आपल्याला पार्क मैदानावर सकाळी नऊनंतर उभं राहवत नाही," मित्र म्हणाला. खरंय. २०१४ च्या वर्ल्डकपला ब्राझीलमधल्या फोर्टालेझात नेदरलँड्स-मेक्सिको मॅच पाणी प्यायला थांबवली होती. कतारनं तर २०२२ चा अख्खा वर्ल्डकप उन्हापायी नोव्हेंबर-डिसेंबरात घेतला. (आणि दोनच दिवस आधी स्टेडियमभोवतीची बिअर विक्री बंद! त्या प्रेक्षकांसाठी मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.)

मग बिअरवर वाद. दोघं स्ट्राँगवाले. मी माइल्डच घेतो. या हवेत स्ट्राँगनं हाफटाइमलाच डोकं जड होतं, आणि मला मिडफिल्डचा प्रत्येक पास बघायचा असतो. एकजण घेतच नाही, त्याला लिंबू-सोडा. मधे शेंगाचटणी, कडक भाकरी. माठ मात्र मी मुद्दाम जवळ ठेवला. बिअर कितीही गार असली तरी पाण्याची जागा घेत नाही. स्ट्राँगवाल्यांनीही निमूट दोन-दोन तांबे प्यायले.

दोनच्या सुमारास पहिली गार झुळूक आली. ऐंशीवं मिनिट चालू होतं. बाटल्या तशाच बाजूला, कुणीच बोलेना.