गडवाटांची माहिती: किती आपण लिहावी, किती लोकांकडून घ्यावी (माझा अनुभव)

किल्ल्यांच्या वाटांची माहिती जमवताना सगळं एकट्यानं लिहायचं की फिरणाऱ्यांकडून घ्यायचं, हे मी माहिती किती दिवस टिकते त्यावर ठरवलं. राजगडाचा पाली दरवाजा किंवा गुंजवण्याहून चोर दरवाज्याकडे जाणारी वाट जागची हलत नाही. ते एकाच हातानं लिहिलेलं बरं. टाक्यातलं पाणी, तुटलेलं रेलिंग, एसटीची वेळ हे मात्र एकट्याच्या आवाक्यातलं नाही. नोव्हेंबरात तुडुंब असलेलं टाकं एप्रिलात तळ दाखवतं.

'अनुभव लिहा' म्हटलं की सूर्योदयाचं वर्णन येतं. म्हणून नेमके प्रश्नच देतो: कोणत्या तारखेला गेलात, कोणत्या गावातून चढलात, किती वाजता निघालात, माथ्यावर किती वाजता पोचलात, सोबत लहान मुलं होती का, पाणी कोणत्या टाक्यातलं प्यालात. 'सोपा ट्रेक' हे उत्तर घेत नाही. वेळा दिल्या की वाचणारा स्वतःच्या दमाप्रमाणे हिशोब करतो.

आकडे मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागतात. गडाचा अक्षांश १८ अंश १४ मिनिटं ४५ सेकंद असेल तर तो दशांशात १८.२४५८. पुष्कळजण सरळ १८.१४४५ लिहितात आणि गड ११ किलोमीटर दक्षिणेला सरकतो! फोटोवरून जागा ठरवायची असेल तर तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. एरवी फोटोतली जागेची नोंद गळून जाते. उंचीचंही तेच. कळसूबाईचे १६४६ मीटर समुद्रसपाटीपासूनचे आहेत, बारी गावातून तेवढं चढावं लागत नाही.

धोक्याची खबर एकानं दिली तरी लगेच लावतो, दिलाशाची मात्र दोघांनी वेगवेगळी दिल्यावरच. आग्यामोहोळाची खबर खोटी निघाली तर कुणाचा रविवार बुडेल. 'वर पाणी आहे' हे खोटं निघालं तर उन्हात जिवावर बेतेल. पाण्याची नोंद दोन महिन्यांनी काढून टाकतो. पावसाळा सरला की दरडी आणि वाटांच्या नोंदीही नव्यानं मागवतो.

इतिहास लोकांकडून घेत नाही, यावर मी अडून आहे. प्रत्येक गडाखालून एक भुयार निघतंच, आणि उरलेलं बहुधा कुठून तरी उचललेलं असतं. शंका आली की एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधावं. मूळ बहुतेकदा सापडतं.

पाठवलेल्या मजकुराची परवानगी लेखीच घ्यावी, आणि तीत मुदत व प्रदेश दोन्ही लिहावेत. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. मजकूर कापायची मुभा आणि नाव कसं छापायचं, हेही त्याच कागदावर असावं.