दाणाबाजारातले मेहताजी

काकांच्या फाइलमध्ये लिहिलं होतं : 'ब्रोका अफेझिया. मधूनच असंबद्ध बडबड.' अफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा अडणं; ब्रोका प्रकारात बोलणं तुटक होतं. मी ती बडबड कान देऊन ऐकली, तर तिच्यात घउं, खांड, पांच, छ असे शब्द येत होते. वाशीत राहणाऱ्याला एवढी गुजराती कळते. काका बडबडत नव्हते, भाव सांगत होते.

मी वाशीत स्पीच थेरपिस्ट आहे. काका ६२ वर्षांचे, मूळ साताऱ्याकडचे, घरात अस्सल मराठी. पण मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईच्या दाणाबंदरात एका कच्छी शेठच्या पेढीवर लागले. बाजार वाशीला आला, तसे तेही कोपरखैरण्याला आले. रोजमेळ, फोनवरचा भाव, दलालांशी घासाघीस, सगळं गुजरातीत. मेहताजी, म्हणजे पेढीचे हिशेबनीस, म्हणूनच बाजार त्यांना ओळखतो. स्ट्रोकचा घाव मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात होता आणि आत कॉडेट न्यूक्लियस या मेंदूच्या खोलवरच्या भागापर्यंत गेला होता. उजवा हात लुळा, बोलणं तुटक, आणि जे येत होतं ते गुजराती.

काकूंना हे फार लागलं होतं. "संसार माझ्याशी केला आणि बोलतात शेठशी," असं त्या मला एकदा बाहेर बोलावून म्हणाल्या. मुलाचा प्रश्न वेगळा होता : "बाबांचं मराठी पुसलं गेलंय का?"

हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समध्ये रिबो नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणाला होता की आधी शिकलेलं शेवटपर्यंत टिकतं. त्या हिशोबाने काकांचं मराठी टिकायला हवं होतं. पुढे १८९५ मध्ये तिथल्याच पित्र या डॉक्टरने त्याच्या रुग्णांवरून सांगितलं की, जी भाषा जास्त वापरात असते ती आधी परतते. काका पित्रच्या बाजूचे दिसत होते. पण खरं सांगायचं तर दोन्ही नियमांना न जुमानणारे रुग्ण भरपूर असतात. बहुतेकांच्या दोन्ही भाषा साधारण बरोबरीनेच सुधारतात. काकांसारखे थोडे.

त्या दिवशी शेठ भेटायला आले होते. मी त्यांना मुद्दामच आत बसवून घेतलं आणि चित्रं मांडली. बाजरी, बटाटा, छत्री ही नावं काका पटापट बोलले. हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, त्यामुळे ते नेमके कुठल्या भाषेतून आले हे काकांनाही सांगता आलं नसतं. असे जुळे शब्द अफेझियात बरेचदा आधी हाती लागतात. मग गव्हाचं चित्र ठेवलं. "घउं." मी म्हटलं, "काका, मराठीत?" तोंड उघडलं, ओठ हलले, आणि त्यांनी डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं.

शेठ माझ्या परवानगीसाठी थांबले नाहीत. तेच चित्र उचलून त्यांनी पेढीवरच्या आवाजात विचारलं, "महेताजी, आने मराठीमां शुं कहेवाय?"

"गहू," काका म्हणाले.

काकू उठून उभ्याच राहिल्या. शेठना चेव चढला. चोखा? "तांदूळ." खांड? "साखर." मध्येच मी विचारलं, "काका, भात कशाचा करतात?" तर पुन्हा कपाळावर हात. मराठी शब्द होता, पण त्याच्यापर्यंतची वाट त्या वेळी गुजरातीतून जात होती.

असलं काही मी कॉलेजात वाचलं होतं, समोर घडताना पहिल्यांदा पाहत होते. मिशेल पारादी हा भाषा आणि मेंदूचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मोरोक्कोतल्या एका ननची नोंद केली आहे. तिला फ्रेंच आणि अरबी यायच्या. अपघातानंतर काही दिवस एक भाषा चाले, काही दिवस दुसरी. आणि चमत्कारिक भाग असा, की ज्या दिवशी जी भाषा आपणहून बोलता यायची नाही, तिच्यात भाषांतर मात्र जमायचं. उलट, ज्या भाषेत ती सहज बोलत असे, तिच्यात भाषांतर करताना अडायची.

मुलाला मी समजावलं ते असं. दोन भाषा डोक्यात दोन स्वतंत्र कपाटांत नसतात, आणि एकात बोलताना दुसरी झोपतही नाही. स्पायव्ही आणि मरियन या संशोधकांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला. रशियनमध्ये 'मार्कू' म्हणजे पोस्टाचं तिकीट उचला असं सांगितलं, तरी नजर अनेकदा आधी शेजारच्या मार्करकडे जाऊन यायची, कारण इंग्रजीही कान टवकारून बसलेली. नको असलेल्या भाषेला दाबून धरणं आणि हवी ती पुढे सोडणं हे काम मेंदूचा पुढचा भाग आणि डावं कॉडेट मिळून करतात, असं आता मानलं जातं. काकांचा घाव नेमका त्याच टापूत. त्यामुळे मराठी पुसलं गेलंय, असं मी तरी म्हणणार नाही.

"मग घरात गुजराती बंद करू का? म्हणजे मराठीला जागा होईल," मुलगा म्हणाला. हा सल्ला नातेवाईक एकमेकांना हमखास देतात, आणि मला तो अजिबात पटत नाही. जे दार उघडं आहे तेच लावून घ्यायचं? शिवाय दुसऱ्या भाषेचं ओझं होतं ही समजूतच डळमळीत आहे. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६०८ स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये छापला. स्ट्रोकनंतर स्मरण-विचार शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकच भाषा येणाऱ्यांत १९.६ टक्के होतं, तर जास्त भाषा येणाऱ्यांत ४०.५. अफेझिया मात्र दोन्ही गटांत साधारण सारखाच, हेही मी त्याला सांगितलं. उगाच भलती आशा नको.

काकूंचा प्रश्न सरळ होता. "म्हणजे आता ह्यांना चहा हवा का विचारायला शेठना घरी ठेवून घेऊ?"

शेठ जोरात हसले. मी शेठचं ते एक वाक्य काकूंकडून म्हणवून घेतलं. 'शुं कहेवाय'वर त्यांची जीभ अडखळत होती, आणि काका दर खेपेला मान हलवून चूक दाखवत होते. शेवटी त्यांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून सुरुवात करायची असं ठरलं : आधी गुजरातीत नाव, मग काकूंचा प्रश्न, मग मराठी, आणि तेच मराठी नाव थोड्या वेळाने गुजरातीशिवाय. शेठ बाजार आटोपला की जमेल तसे येणार आहेत. पुढच्या खेपेला येताना पेढीवरची जुनी बिलं घेऊन या, असं मी त्यांना सांगितलंय.