दीड हजारात सहा जण: कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला आमचा दिवस

मुलांच्या सुट्टीत आम्ही बार्शीहून पुण्याला भावाकडे येतो. मामाचं गाव पुणे असलं की मुलांच्या अपेक्षा वाढतात. यावेळी मॉल, वॉटर पार्क, बर्फाची घसरगुंडी असली यादी आधीच तयार होती. ह्यांचं बार्शीत मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि उन्हाळा हा त्यांच्या कमाईचा काळ. त्यात दोन-चार दिवस दुकान बंद ठेवून यायचं म्हणजे खिसा आधीच हलका झालेला असतो. मी सांगून टाकलं, एक दिवस बाहेर, सगळे मिळून, दीड हजाराच्या आत. सगळे म्हणजे हे, मी, सासूबाई, थोरली, धाकटा आणि भावाचा मुलगा. वॉटर पार्कात एवढ्या पैशांत आम्ही फार तर गेटपर्यंत गेलो असतो. त्यामुळे कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ठरलं. ते महापालिकेचं आहे, मोठ्यांचंही तिकीट शंभराच्या आत, आणि बघायला इतकं की एका दिवसात पाय बोलायला लागतात.

वार ठरवताना वहिनीने पहिली गोष्ट सांगितली, बुधवारी बंद असतं. शनिवार-रविवारी मेट्रोच्या भाड्यात तीस टक्के सूट मिळते म्हणून ह्यांचा ओढा रविवारकडे होता. पण सुट्टीतल्या रविवारी कात्रजला जायचं म्हणजे वाघाऐवजी माणसांच्या पाठी बघायच्या. वाचणारे पैसे पन्नास-साठ रुपये. मी मंगळवार पक्का केला.

भाऊ पिंपरीत राहतो. तिथून निगडी-कात्रज ही ४२ नंबरची बस थेट जाते, स्वस्तात मस्त. तरी जाताना मेट्रो घेतली, कारण मुलांसाठी तीही एक राइडच होती आणि वेगळं तिकीट काढून बसावं लागणाऱ्या राइडपेक्षा स्वस्त. शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीखाली शिरली तसा धाकटा खिडकीला नाक लावून बसला. जिल्हा न्यायालय स्टेशन तेहतीस मीटर खोल आहे, आणि तिथून पुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. भाच्याने ही माहिती अशा थाटात सांगितली की बोगदा त्यानेच खणलाय. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आत्ता आपल्या डोक्यावर नदी हाय? मग बोलू नगा कुणी." स्वारगेट येईपर्यंत त्या खरंच बोलल्या नाहीत.

स्वारगेटहून कात्रजला पीएमपीच्या, म्हणजे शहराच्या बसेस सारख्या असतात. सातारा रस्त्यावरचा हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेचा पट्टा, २००६ साली देशात पहिल्यांदा बीआरटी सुरू झाली ती इथेच. बसमध्ये सासूबाईंनी कंडक्टरला ऐटीत सांगितलं, "बायकांना हाफ." एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि बार्शी ते स्वारगेट त्या तशाच आल्या होत्या. कंडक्टर हसून म्हणाला, "आजी, ते लाल परीत. ही पीएमपी." एवढ्यावरून त्यांचं पुण्याबद्दलचं मत जे व्हायचं ते झालं.

नाश्ता गेटच्या बाहेरच उरकला. पहाटे उठून वहिनीने आणि मी धपाटे केले होते, बरोबर घरून आणलेली शेंगाचटणी. सुट्टीतल्या सहलीत खरा पैसा जातो तो खाण्यापाण्यात. तिकीट एकदाच काढायचं असतं, भूक दर तासाला लागते. त्यामुळे गेट उघडायच्या आत सगळ्यांची पोटं भरलेली असली पाहिजेत, हा माझा नियम. पाण्यासाठी स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या. आत प्लास्टिक चालत नाही, पिशव्या उघडून बघतात. भाच्याच्या दप्तरातून वेफर्सचं पाकीट निघालं ते तिथेच उभ्या उभ्या सहा जणांत संपवलं.

तिकिटाच्या खिडकीवर एक मजा झाली. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे, चार फूट चार इंचांच्या आत असेल तर लहान. आदल्या रात्री भावाच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करून झाल्या होत्या. भाचा आणि धाकटा निवांत आत बसले. थोरली वर गेली. ती इतकी खूश झाली की रांगेत टाचा उंच करून उभी राहिली, आणि हे तिला हळूच म्हणत होते, "जरा वाक की." ती वाकली नाही. मोठ्यांचं तिकीट स्वतःच्या हातात घेऊनच आत गेली.

साडेनऊला गेट उघडतं आणि मे महिन्यात पहिले दोन तासच खरे. अकरानंतर वाघ-बिबट्या सावली शोधतात आणि माणसंही. आम्ही सर्पोद्यानात घाई केली नाही, तिथे छाया आहे. हे सर्पोद्यान प्राणिसंग्रहालयापेक्षा जुनं, १९८६ चं. नीलिमकुमार खैरेंनी उभं केलेलं. त्याआधी १९८० मध्ये पुण्यात हेच खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले होते. ह्यांनी मुलांना हे सांगितलं तर भाचा म्हणाला, "झोपले कसे?" ह्याचं उत्तर आमच्यात कुणाकडे नव्हतं.

सापांपुढे मात्र मार्गदर्शक बदलला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडचे हे चार मुख्य विषारी साप. सासूबाईंचा जन्म रानात गेलेला. घोणशीपुढे त्या थांबल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "हिला बघून ठेव नीट. पोरं अजगराचं पिल्लू समजून जवळ जात्यात." मग त्यांनी अंगावरचे ठिपके दाखवले. घोणशीचे ठिपके साखळीसारखे रांगेत असतात, कडा ठळक. अजगराचे डाग आकारात बेढब, वेडेवाकडे. आणि घोणस आधी आवाज करते, कुकरची शिट्टी फसफसावी तसा. ऐकला की पाऊल पुढे टाकायचं नाही, मागे घ्यायचं. आमच्या आजूबाजूला तोवर पाच-सात अनोळखी माणसं उभी राहून ऐकायला लागली होती. एका काकांनी विचारलं, "आजी, दूध पितो का हो नाग?" त्या म्हणाल्या, "आमचा तरी कधी प्यायला न्हाई. बेडूक दिसला की मात्र सोडत न्हाई."

पुढे मोठ्या प्राण्यांकडे जायचं म्हणजे चालणं. एकशेतीस एकरांचा पसारा आहे, त्यात तलावच बेचाळीस एकरांचा. इथे आमच्यात थोडं वाजलं. फिरायला बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं. ह्यांचं म्हणणं, सहा जणांचं कशाला, चालू की. माझं म्हणणं, सासूबाई आणि धाकटा गाडीत, बाकीचे पायी. काटकसर करायची ती रिक्षात, वेफर्समध्ये, नव्या टोपीत करावी. गुडघे दुखणाऱ्या बाईला मे महिन्यात डांबरावरून चालवून वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात जातात. सासूबाई म्हणत राहिल्या, "मला काय झालंय, मी चालीन." मी तिकीट काढून हातात दिलं. त्या गाडीत बसल्या आणि राणीसारखा हात हलवत गेल्या.

पांढऱ्या वाघापाशी गर्दी सगळ्यात जास्त. तो वेगळ्या जातीचा नाही, आपला पट्टेरी वाघच, फक्त रंगाचा फरक घेऊन जन्मलेला. डोळे निळसर आणि पट्टे शाबूत, म्हणजे सर्वस्वी रंगहीनही नाही. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात एक पिल्लू सापडलं, त्याचं नाव मोहन ठेवलं, आणि प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ बऱ्याच अंशी त्याच्याकडे जाते. जवळच्या नात्यात जोड्या लावून वंश टिकवल्यामुळे त्यांच्यात व्यंगंही बरीच येतात. हे वाचलेलं असल्यामुळे मला तो बघताना सगळे म्हणतात तसं भारी वाटत नाही. मुलांना वाटलं, ते ठीकच. तो आमच्याकडे पाठ करून झोपला होता. कठड्यापाशी एक पोरगा शिट्ट्या मारत होता, तर भाच्याने त्याला पाटी दाखवली. प्राण्यांना डिवचणं, खायला टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पोरगा वरमला, वाघाने कूस बदलली नाही.

ह्यांचं लक्ष प्राण्यांत नव्हतंच. ते तलावापाशी अडकले. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. इथून दगडी बांधणीचा नळ जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेला होता. ना मोटार, ना पंप, सगळं पाणी नुसत्या उतारावर. मध्ये मध्ये हवा खेळायला आणि गाळ काढायला उच्छ्वास बांधलेले. ज्या माणसाचं पोट पाणी वर चढवण्यावर चालतं त्याने हे ऐकलं की काय होणार? "उतार किती धरला असेल एवढ्या अंतरात? मधे कुठे हवेचा फुगा धरला तर पाणी थांबणार की," असं पुटपुटत ते वारा खात उभे. थोरली शेवटी हाताला धरून ओढत घेऊन आली.

लांडगा आणि काळविटाशी सासूबाई पुन्हा भेटल्या. गाडीतून उतरून सावलीत बसल्या होत्या. आम्हाला म्हणाल्या, "ह्यासाठी तिकीट काढलं व्हय? आपल्या माळावर फुकट दिसायचं." खोटं नाही. सोलापूरकडच्या गवताळ माळांवर काळवीट अजून दिसतं, लांडगाही आहे, आणि नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. मुलं मात्र एसटीच्या खिडकीतून मोबाइल बघत येतात. थोरलीने विचारलं, "आज्जी, लांडगा शेळ्या न्यायचा का?" त्यावर जी गोष्ट सुरू झाली ती अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात आमचे पाय थंड झाले, पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून झाल्या आणि कुणी आइस्क्रीम मागितलं नाही. शेळीचं काय झालं ते सांगत नाही, मुलांनी तीन वेळा पुन्हा ऐकलीय.

शेकरू बघायचा माझा हट्ट होता. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि मी तो पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिला नव्हता. आपल्या खारीच्या मानाने केवढा तरी मोठा, तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट. भीमाशंकरला जाऊनही तो दिसेलच असं नसतं. इथे फांदीवर पालथा पडून दुपार काढत होता. फोटो काही नीट आला नाही.

एक वाजता आम्ही बाहेर पडलो. सगळं पाहून झालं नव्हतं, अस्वलं राहिली, मगरीकडे नुसतं डोकावलं. धाकट्याने भोकाड पसरायची तयारी केली होती, पण भर उन्हात ओढत नेऊन दाखवलेला प्राणी मुलांच्या लक्षात राहत नाही, चटके राहतात. ज्यांना सगळंच बघायचं आहे त्यांनी उन्हाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमाराला जावं. ऊन कलल्यावर जनावरं हलायला लागतात. फक्त तिकीट खिडकी बंद व्हायच्या वेळेआधी बऱ्यापैकी लवकर पोचायला हवं. आम्हाला पिंपरीला परतायचं होतं म्हणून सकाळ धरली.

कात्रज डेअरी तिथेच जवळ. सगळ्यांसाठी थंडगार लस्सी घेतली आणि उरलेले धपाटे सावलीत बसून संपवले. दिवसभरातला हा एकच बाहेरचा खर्च, आणि तोच सगळ्यांना जास्त आवडला, हे मी मान्य करते. परत जायला ४२ नंबर. कात्रज हे तिचं सुरुवातीचं ठिकाण, त्यामुळे सगळ्यांना बसायला जागा मिळते. स्वारगेटला जाऊन चढलात तर सासूबाईंना उभं राहावं लागेल. बस उन्हात रखडत जाते, मेट्रोपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, पण मुलं झोपून जातात.

ह्यांनी बसमध्येच हिशेब मांडला. मेट्रो, दोन्ही बस, सहा तिकिटं, बॅटरीची गाडी, लस्सी, सगळं धरून दीड हजारातले बरेचसे उरले होते. "उद्या आणखी एक दिवस फिरता येईल," हे म्हणाले. सारसबागेशेजारी पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे आहे, १९५६ पासून चालते. ह्यांच्या वडिलांनी शाळेच्या सहलीत तिच्यात बसल्याची गोष्ट आमच्या घरी पाठ आहे. तेव्हा प्राणीही तिथेच होते, ते नंतर कात्रजला हलवले. मुलांनी लगेच होकार भरला.

सासूबाईंनी मात्र डेअरीतूनच निघताना आम्रखंडाचा डबा घ्यायला लावला होता, वहिनीसाठी. भावाच्या घरी पाहुणचार खाऊन रिकाम्या हाताने परत यायचं नसतं, त्याला बजेट आडवं येत नाही. वहिनी म्हणाली, "कशाला उगीच खर्च?" आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी पुऱ्यांसाठी कणीक काढायला घेतली.