शातो द झू : तुसाँची कोठडी

स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून फ्रान्समधल्या पाँतार्लिएकडे निघालं की सीमा ओलांडल्यावर दरी चिंचोळी होत जाते आणि वर कड्यावर शातो द झू हा किल्ला दिसतो. एप्रिल उजाडला होता, तरी रस्त्याकडेला बर्फ होताच. गाडीतून उतरल्या उतरल्या आधी कानटोपी शोधली.

बाकीचे तट, खंदक, खोल विहीर बघत होते. मी आले होते एका कोठडीसाठी. दगडी कमान, एक शेकोटी, बरीचशी बुजवून टाकलेली खिडकी. भिंतीला हात लावला तर तळवा ओला. ऑगस्ट १८०२ मध्ये हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लूव्हेर्तूर याला इथे आणून डांबलं. कॅरिबियन उन्हात हयात गेलेला माणूस, आणि इथे जळणसुद्धा मोजून. ७ एप्रिल १८०३ रोजी तो शेकोटीजवळ मेलेला आढळला.

गाइड म्हणाला, ‘हैतीचा राष्ट्रपिता.’ मी मान डोलावली खरी, पण मनातून काही पटेना. १७९१ साली सँ-दोमिंगच्या, म्हणजे आज जिथे हैती आहे त्या फ्रेंच वसाहतीच्या, ऊसमळ्यांत गुलाम उठले तेव्हा ‘राष्ट्र’ कुणाच्या डोक्यात होतं? बहुतेक जण आफ्रिकेत जन्मलेले, बोली वेगवेगळ्या; काही बंडवाले तर फ्रान्सच्या राजाचंच नाव घेत होते. त्यांना हवी होती चाबकातून सुटका. खुद्द तुसाँच्या १८०१ च्या राज्यघटनेतलं तिसरं कलम सांगतं की या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत. इथे माणसं जन्मतात, जगतात आणि मरतात ती ‘स्वतंत्र आणि फ्रेंच’. त्या ओल्या कोठडीत उभं राहून हा ‘फ्रेंच’ शब्द आठवला आणि पोटात कालवलं.

नेपोलियनला तेवढंही खपलं नाही. ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरी परत आणल्याची बातमी पोचली, तसे फ्रेंचांना जाऊन मिळालेले तुसाँचे सेनानी देसालीन, क्रिस्तोफ पुन्हा उलटले. आता फ्रेंच राहून स्वातंत्र्य टिकणार नाही, हे उघड झालं होतं. मे १८०३ मध्ये अर्काए इथे देसालीनने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला, असं सांगतात. तुसाँ जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याने ‘हैती’ हे नाव घेतलं, ते बेटावरच्या मूळच्या ताइनो लोकांच्या भाषेतलं.

तुसाँला किल्ल्यातच पुरलं होतं; आज थडगं सापडत नाही. इथली मूठभर माती मात्र पुढे हैतीला नेली, असं गाइडने जाता जाता सांगितलं. बाहेर आले तर बूट चिखलाने भरलेले. गाडीत बसण्याआधी ते झटकायचे होते. उगीचच जरा थांबले.